वर्गातील साहित्याचा खर्च कमी कसा करावा : शिक्षकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

वर्गात लागणाऱ्या साहित्यावरचा खर्च सहसा नजरेत भरत नाही, कारण तो लहान लहान खरेदीत विखुरलेला असतो. आज दोन मार्कर, चार दिवसांनी रंगीत कार्डशीट, पुढच्या आठवड्यात डिंकाच्या कांड्या अशी खरेदी होत राहते आणि वर्षाच्या शेवटी किती पैसे गेले हे सांगता येत नाही. खर्च कमी करायचे मनावर घेतले की बहुतेक शिक्षक आधी स्वस्त दुकान शोधू लागतात. स्वस्त खरेदीचा उपयोग आहेच, परंतु तो या कामातील शेवटचा टप्पा आहे. वर्गाचा पैसा दुकानापेक्षा अधिक कपाटात, छपाईयंत्रापाशी आणि झाकण न लावलेल्या मार्करमधून गळत असतो, त्यामुळे पुढील टप्पे त्याच क्रमाने मांडले आहेत: आधी वापर समजून घेणे, मग वापर कमी करणे, मग असलेले साहित्य फिरते ठेवणे आणि सर्वांत शेवटी विकत घेणे.

पहिला टप्पा : एक महिन्याची नोंद

कोणताही बदल करण्याआधी एक महिनाभर फक्त नोंद ठेवावी. वहीचे एक पान पुरेसे आहे. त्यावर तारीख, वस्तू, नग, किंमत, पैसे कोणी दिले आणि ती वस्तू कोणत्या कामासाठी वापरली गेली, एवढे सहा रकाने आखावेत. यांतील शेवटचे दोन रकाने सर्वांत महत्त्वाचे आहेत, कारण शाळेच्या पैशातून आलेली वस्तू आणि शिक्षकाच्या खिशातून आलेली वस्तू यांचा हिशेब वेगळा ठेवला नाही, तर पुढे शाळेकडे मागणी करताना हातात काहीच पुरावा राहत नाही.

नोंदीबरोबरच कपाट एकदा पूर्ण रिकामे करून त्यातील साहित्याचे दोन गट करावेत. पहिल्या गटात झिजणारे आणि संपणारे साहित्य येते: कागद, खडू, मार्कर, पेन्सिली, डिंक, चिकटपट्टी, रंग. दुसऱ्या गटात टिकाऊ साहित्य येते: कात्र्या, पट्ट्या, स्टेपलर, डबे, नकाशे, मोजमापाची साधने, खेळाचे फासे. शाळेच्या कार्यालयात साठा नोंदवही आणि टिकाऊ वस्तूंची जडसंग्रह नोंदवही वेगळ्या असतात, त्यामागचे तत्त्व हेच आहे. संपणाऱ्या वस्तूच्या बाबतीत विचारायचा प्रश्न ‘दर महिन्याला किती लागते’ हा असतो, तर टिकाऊ वस्तूच्या बाबतीत ‘किती जणांनी किती वेळा वापरली’ हा असतो. महाग कात्री पाच वर्षे चालली, तर एका वापरामागे तिचा खर्च नगण्य ठरतो आणि स्वस्त कात्री एका सत्रात सैल झाली, तर तीच महाग पडते.

कपाट रिकामे करताना हमखास आढळणारी गोष्ट म्हणजे एकाच वस्तूची तीन अर्धवट पाकिटे. वस्तू दिसत नाही म्हणून ती पुन्हा विकत घेतली जाते. यावर उपाय म्हणून पारदर्शक बरण्या किंवा बाहेरून नाव लिहिलेली खोकी वापरावीत, प्रत्येक प्रकाराला एकच जागा ठरवून द्यावी आणि नवीन पाकिटावर आणल्याची तारीख घालून ते जुन्याच्या मागे ठेवावे.

दुसरा टप्पा : कागद आणि छपाई

बहुतेक वर्गांत सर्वांत मोठी बचत येथेच होते, म्हणून या टप्प्याकडे सविस्तर पाहणे योग्य ठरेल. एक साधा हिशेब करू. वर्गात ४० विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाला दररोज एक पानाची सरावपत्रिका दिली जाते असे धरले, तर २०० दिवसांत ८,००० पाने लागतात. एका रिममध्ये ५०० कागद असतात, म्हणजे हा खर्च १६ रिमांचा झाला. ए४ आकाराच्या, ८० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या) एका कागदाचे वजन सुमारे ५ ग्रॅम भरते, कारण असे १६ कागद मिळून साधारण एक चौरस मीटर होतो. त्या हिशेबाने हा वर्ग वर्षाला ४० किलो कागद वापरतो.

आता हीच सरावपत्रिका ए५ आकारात, म्हणजे अर्ध्या पानावर बसवली आणि कागदाच्या दोन्ही बाजू वापरल्या, तर एका कागदावर चार पत्रिका बसतात आणि १६ रिमांचे काम ४ रिमांत होते. ए मालिकेतील कागदांच्या बाजूंचे प्रमाण सारखेच राहते, त्यामुळे ए४ पान ए५ वर नेताना मजकूर वेडावाकडा होत नाही, तो सर्व दिशांनी सुमारे ७१ टक्के होतो. मात्र येथे एक काळजी घ्यावी लागते. १२ पॉइंटात टंकलेला मजकूर आकुंचन पावून साडेआठ पॉइंटांचा होतो आणि देवनागरीतील जोडाक्षरे व मात्रा त्या आकारात लहान मुलांना वाचवत नाहीत. म्हणून अर्ध्या पानासाठी मूळ पान १७ पॉइंटांत टंकावे, म्हणजे छापल्यावर ते १२ पॉइंटांइतके दिसते. पान भरगच्च वाटू लागल्यास अक्षर लहान न करता प्रश्न कमी करावेत. वीस सारख्याच उदाहरणांपेक्षा चढत्या काठिण्याची आठ उदाहरणे बहुधा अधिक उपयोगी पडतात, त्यामुळे ही काटछाट अध्यापनाच्या दृष्टीनेही नुकसानकारक नाही.

त्यापुढची पायरी म्हणजे छापण्याआधी प्रत्येक पत्रिकेला एक प्रश्न विचारणे: हिच्यावर मुलांनी लिहिणे आवश्यक आहे का? उतारा वाचून उत्तरे वहीत लिहायची असतील, तर उताऱ्याच्या प्रती प्रत्येकाला देण्याची गरज नसते. दोघांत एक अशा २० प्रती काढून, त्यांवर ‘यावर लिहू नये’ असे ठळक छापून, त्या एका पाकिटात ठेवल्या तर दुसऱ्या तुकडीला आणि पुढच्या वर्षीही वापरता येतात. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा यांसारख्या कृती फळ्यावर किंवा पडद्यावर दाखवून वहीत सोडवून घेता येतात. नकाशा भरणे, आकृतीला नावे देणे, आलेख काढणे अशा कामांना मात्र छापील कागद लागतोच आणि तो मोकळेपणाने द्यावा.

शाई आणि टोनर यांचा खर्च कागदापेक्षाही अधिक असू शकतो. कार्ट्रिजच्या खोक्यावर जी पानांची संख्या दिलेली असते, ती साधारणपणे पानाचा सुमारे ५ टक्के भाग शाईने व्यापला जाईल असे धरून काढलेली असते. साध्या मजकुराचे पान या मर्यादेच्या आसपास राहते, पण जाड काळी चौकट, गडद पार्श्वभूमीवरचे पांढरे शीर्षक आणि कोपऱ्यात भरीव चित्र असे सजवलेले पान सहज तिप्पट-चौपट टोनर खाते. म्हणून चौकट काढून टाकावी किंवा बारीक रेघेची ठेवावी, भरीव चित्राऐवजी रेखाचित्र घ्यावे आणि छपाईच्या पर्यायांमध्ये मसुदा किंवा टोनर-बचत हा पर्याय निवडावा. इंकजेट यंत्र फार दिवस बंद राहिले की त्याची तोटी वाळते आणि ती साफ करताना यंत्र स्वतःच शाई खर्च करते. क्वचित पण एकगठ्ठा छपाई करणाऱ्याला काळे-पांढरे लेझर यंत्र अधिक परवडते, कारण टोनर ही कोरडी पूड असल्याने ती वाळण्याचा प्रश्नच नसतो.

एकाच पानाच्या शेकडो प्रती लागत असतील, उदाहरणार्थ संपूर्ण इयत्तेच्या चाचणीसाठी, तर शाळेत किंवा जवळपास डिजिटल डुप्लिकेटर, म्हणजे रिसोग्राफ पद्धतीचे यंत्र आहे का, याची चौकशी करावी. या यंत्रात पानाचा एक मास्टर, म्हणजे ज्यावरून सर्व प्रती निघतात तो साचा, तयार होतो आणि खर्चाचा मोठा भाग त्या मास्टरचाच असतो. त्यामुळे प्रती जितक्या अधिक, तितका प्रत्येक प्रतीचा खर्च कमी होत जातो. दहा प्रतींसाठी ते यंत्र वापरणे मात्र तोट्याचे असते.

एका बाजूने कोरे राहिलेले कागद कच्च्या कामासाठी, शुद्धलेखनाच्या सरावासाठी, चित्रांच्या आराखड्यासाठी जमवावेत, हा सल्ला सर्वांनाच माहीत असतो. त्यात एक भर घालावीशी वाटते: कार्यालयातून आलेल्या अशा कागदांची मागील बाजू वर्गात नेण्यापूर्वी अवश्य पाहावी. त्यावर कोणाचे गुण, पत्ता, दूरध्वनी क्रमांक किंवा वैद्यकीय माहिती असेल, तर तो कागद मुलांच्या हाती देऊ नये.

तिसरा टप्पा : रोज झिजणारे साहित्य अधिक दिवस टिकवणे

पांढऱ्या फळ्याचे मार्कर उभे ठेवण्याची सवय फार नुकसान करते. टोक वर करून ठेवल्यास रंगद्रव्य खाली बसते आणि टोक फिके लिहू लागते, टोक खाली ठेवल्यास शाई साचून गळण्याचा संभव असतो. मार्कर नेहमी आडवे ठेवावेत. झाकण ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबावे, आणि लिहिण्यापूर्वी फळा कोरडा व स्वच्छ असावा, कारण जुन्या शाईची भुकटी टोकात अडकली की शाई शिल्लक असूनही मार्कर लिहीत नाही. पुन्हा शाई भरता येणारे मार्कर सुरुवातीला महाग वाटतात, परंतु दररोज तीन-चार तासिका फळ्यावर लिहिणाऱ्या शिक्षकासाठी तेच किफायतशीर ठरतात. चुकून कायमस्वरूपी मार्करने लिहिले गेल्यास त्या अक्षरांवर फळ्याच्या मार्करने गिरवून लगेच पुसावे, बहुतेक वेळा तेवढ्याने डाग निघतो आणि वेगळे द्रावण विकत आणावे लागत नाही.

खडू वापरणाऱ्यांनी खडूधारक घ्यावा. त्यात अखेरचा तुकडादेखील पकडता येतो, हात कोरडे पडत नाहीत आणि खडू खाली पडून तुटण्याचे प्रमाण घटते.

पेन्सिलींच्या बाबतीत वर्गात दोन डबे ठेवावेत, एक टोक केलेल्या पेन्सिलींचा आणि दुसरा बोथट झालेल्यांचा. ज्याची पेन्सिल बोथट झाली, त्याने ती दुसऱ्या डब्यात टाकून पहिल्यातील घ्यावी आणि दिवसाच्या शेवटी एकाच विद्यार्थ्याने चांगल्या टोकयंत्राने सर्व पेन्सिलींना टोके करावीत. तासिका चालू असताना केराच्या टोपलीपाशी उभे राहून पेन्सिल निम्मी होईपर्यंत टोक करत बसण्याचा छंद मुलांना असतोच, तो यामुळे आपोआप बंद होतो. पेन्सिल वारंवार जमिनीवर पडली तर आतील शिसे ठिकठिकाणी तुटते आणि मग कितीही टोक केले तरी ते गळून पडते, म्हणून बाकावर पेन्सिल घरंगळू नये याची सोय करावी. टोकयंत्राचे पाते बोथट झाले तरी लाकूड फाटते आणि शिसे मोडते. अनेक टोकयंत्रांचे पाते एका स्क्रूने बसवलेले असते, ते शिक्षकाने स्वतः बदलावे.

रंगीत पेन्सिली आणि स्केचपेन यांचे संच कधीच एकत्र संपत नाहीत. काळा, निळा आणि हिरवा आधी संपतात, मग नवा संच आणला जातो आणि जुन्या संचातील जांभळे-तपकिरी रंग पडून राहतात. यावर उपाय म्हणजे संच मोडून रंगाप्रमाणे डबे करावेत आणि पुढची खरेदी शक्य तेथे सुट्या रंगांची करावी. पाण्यावर आधारित स्केचपेन वाळले असतील, तर त्यांचे टोक कोमट पाण्यात काही क्षण बुडवून, झाकण लावून रात्रभर आडवे ठेवावे, बरेचसे पुन्हा चालू लागतात. क्रेयॉनचे तुकडे फेकू नयेत, कागद काढून ते आडवे धरले की पृष्ठभागाचे ठसे घेण्यासाठी आणि मोठी जागा रंगवण्यासाठी पूर्ण कांडीपेक्षा तेच बरे पडतात.

डिंकाचा अपव्यय मुलांच्या हातातील बाटलीमुळे होतो. घट्ट झाकणाच्या पसरट डब्यात स्पंज बसवून त्यावर पांढरा डिंक ओतावा, तो स्पंजात मुरला की मुलांनी कागद त्यावर हलकेच दाबून उचलावा. कागदाला हवा तेवढाच डिंक लागतो, काम स्वच्छ होते आणि बाटली पिळण्याचा खेळ थांबतो. स्पंज कोरडा वाटू लागल्यास थोडे पाणी शिंपडावे, काम संपताच झाकण लावावे आणि वास किंवा बुरशी दिसताच स्पंज बदलावा.

चौथा टप्पा : काय स्वतः करावे आणि काय करू नये

स्वतः तयार केलेले साहित्य नेहमीच स्वस्त असते, हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. शिक्षकाचे तीन तास, रंगीत कार्डशीट, लॅमिनेशन आणि चिकटपट्टी यांचा हिशेब केला, तर घरी केलेला एखादा तक्ता विकतच्या तक्त्यापेक्षा महाग पडतो. माझा निकष असा आहे की जे साहित्य मुले हाताळणार आहेत आणि जे वर्षभरात अनेकदा बाहेर निघणार आहे, तेच स्वतः करावे. केवळ भिंत सजवण्यासाठी शिक्षकाने रात्र जागवू नये. ती भिंत मुलांच्या कामाने भरावी, त्याला वेगळा खर्च येत नाही.

गणितासाठी लागणारे बरेचसे साहित्य टाकाऊ वस्तूंतून उत्तम होते. बाटल्यांची झाकणे मोजणीला, बेरीज-वजाबाकीला आणि खेळातील सोंगट्यांना चालतात. त्यांवर आतून अंक किंवा अक्षरे लिहिली की जुळणीचे साहित्य तयार होते. काड्यांचे दहा-दहांचे जुडगे रबराने बांधले की स्थानिक किंमत शिकवता येते आणि जुडगा सोडून हातचा घेणे मुलांना प्रत्यक्ष दिसते. टॅनग्रॅमचे, म्हणजे आकार जुळवण्याच्या कोड्याचे, सात तुकडे एकाच चौरसातून कापता येतात, जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून ४० मुलांचे संच निघतात. अपूर्णांकांच्या पट्ट्यांसाठी सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्यांना घड्या घालणे पुरते, आणि मुलांनी स्वतः घडी घातली तर दोन चतुर्थांश म्हणजे अर्धा, हे सांगावे लागत नाही. विज्ञानासाठी अरविंद गुप्ता यांनी काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, स्ट्रॉ, जुनी पाकिटे अशा वस्तूंपासून तयार केलेली खेळणी आणि त्यांच्या कृती विनामूल्य उपलब्ध आहेत. काड्या आणि नळीचे तुकडे जोडून त्रिकोण ढळत नाही व चौकोन ढळतो, हे दाखवण्यासाठी दुसरे कोणतेही साधन लागत नाही.

पुन्हापुन्हा लिहून पुसता येतील अशा पाट्या हव्या असतील, तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या पाकिटात पांढरा पुठ्ठा घालावा. त्यावर फळ्याच्या मार्करने लिहून कापडाने पुसता येते. आतील कागद बदलला की तीच पाटी कधी आलेखपट, कधी घड्याळ, तर कधी चाररेघी होते, म्हणून कायमच्या लॅमिनेशनपेक्षा मला हे पाकीट अधिक सोयीचे वाटते. लॅमिनेशन करायचेच असेल, तर ते हातोहात फिरणाऱ्या पत्त्यांपुरते ठेवावे. अशा पत्त्यांसाठी ८० मायक्रॉनपेक्षा १२५ मायक्रॉनची फिल्म टिकाऊ असते. पत्ते आधी कापून, एकमेकांपासून थोड्या अंतरावर मांडून मग लॅमिनेट करावेत आणि प्रत्येकाभोवती ३ मिलिमीटर तरी कड राखून कापावे, नाहीतर कडेने थर सुटतात.

मोठ्या कागदकामासाठी, मुखवटे किंवा कागदी लगद्याच्या वस्तूंसाठी विकतच्या डिंकाऐवजी खळ करावी. एक वाटी मैदा किंवा कणीक एक वाटी गार पाण्यात गुठळ्या न राहता कालवावी, ते मिश्रण तीन वाट्या उकळत्या पाण्यात ओतून दाट आणि काहीसे पारदर्शक होईपर्यंत ढवळावे व गार करून वापरावे. ही खळ दोन-तीन दिवसच टिकते. ती टिकावी म्हणून पुस्तकबांधणीच्या खळीत मोरचूद घालण्याची जुनी रीत आहे, परंतु मोरचूद विषारी असल्याने मुलांच्या कामाच्या खळीत तो अजिबात घालू नये. त्यापेक्षा लागेल तेवढीच खळ करावी.

पाचवा टप्पा : साहित्य फिरते ठेवणे

ज्या शाळेत एका इयत्तेच्या दोन-तीन तुकड्या आहेत, तेथे एक मोठी बचत केवळ वेळापत्रक बदलून होते. सर्व तुकड्या एकाच आठवड्यात ‘वजन व मापे’ शिकवत असतील, तर तराजूंचे तीन संच लागतात. प्रत्येक तुकडीने तो घटक वेगवेगळ्या आठवड्यात घेतला, तर एकच संच सर्वांना पुरतो. सत्राच्या आरंभी त्या इयत्तेच्या शिक्षकांनी एकत्र बसून महागड्या साहित्याचे घटक कोणत्या आठवड्यात कोणी घ्यायचे, हे ठरवावे. त्यासाठी अर्धा तास पुरतो.

याच बैठकीत प्रत्येकाच्या कपाटात काय आहे याची सामायिक यादी करावी आणि ती शिक्षककक्षात लावावी. संच नेणाऱ्याने नाव, तारीख आणि नगांची संख्या लिहावी, परत करताना नग मोजून ठेवावेत. मोजणी न करता साहित्य फिरू लागले, तर वर्षभरात कोणताच संच पूर्ण राहत नाही आणि मग प्रत्येक शिक्षक आपले साहित्य कुलपात ठेवू लागतो. संचाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्यातील वस्तूंची यादी चिकटवली, तर मोजणी मुलेदेखील करू शकतात.

सहावा टप्पा : विनामूल्य डिजिटल साहित्य

सरावपत्रिका, चित्रे आणि गोष्टी विकत घेण्यापूर्वी मुक्त परवान्याचे, म्हणजे निर्मात्याने ठरावीक अटींवर सर्वांना विनामूल्य वापरू दिलेले साहित्य पाहावे. क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचे असे पहिले परवाने २००२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यांचे सहा मुख्य प्रकार आहेत. शिक्षकाला त्यांतील तीन खुणा लक्षात ठेवल्या तरी पुरते: ‘बीवाय’ म्हणजे मूळ निर्मात्याचे नाव द्यावे, ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर करू नये आणि ‘एनडी’ म्हणजे बदल करून वाटू नये. उतारा सोपा करून किंवा भाषांतर करून द्यायचा असेल, तर ‘एनडी’ असलेले साहित्य टाळावे. प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीसह अनेक भाषांतील चित्रगोष्टी मुक्त परवान्याने मिळतात. विज्ञान व गणितासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचा पीएचईटी हा २००२ मध्ये सुरू झालेला प्रकल्प आहे. त्याची बरीचशी अनुरूपणे (पडद्यावर करून पाहायचे प्रयोग, म्हणजे सिम्युलेशन) उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय चालवता येतात. भूमिती व आलेखांसाठी जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर आहे. विद्युतमंडल किंवा लंबक यांचे प्रयोग पडद्यावर दाखवता आले तर साहित्याचे आठ संच न घेता एकच प्रत्यक्ष संच पुरतो, मात्र तो एक संच मुलांच्या हातात जायलाच हवा.

विनामूल्य पीडीएफ छापली की ती विनामूल्य राहत नाही, हेही ध्यानात ठेवावे. चाळीस पानांची रंगीत ‘मोफत’ पुस्तिका चाळीस मुलांसाठी छापणे हा कदाचित वर्षातील सर्वांत महाग निर्णय ठरेल. त्याचप्रमाणे विकतच्या सराव-पुस्तकाची एक प्रत घेऊन पूर्ण वर्गासाठी छायाप्रती काढणे ही काटकसर नव्हे. तो स्वामित्वहक्काचा भंग ठरू शकतो आणि बहुतेक वेळा झेरॉक्सचा खर्चही पुस्तकाच्या जवळपास जातो.

सातवा टप्पा : खरेदी

येथवर आल्यानंतर जे उरते, ते विकत घ्यावे. किमतींची तुलना करताना पाकिटाची किंमत पाहू नये, नगाची पाहावी. डिंकाच्या बाबतीत ग्रॅममागे, चिकटपट्टीच्या बाबतीत मीटरमागे आणि कार्ट्रिजच्या बाबतीत पानामागे किती पडते, ते काढावे. कमी किमतीचे छोटे कार्ट्रिज पानामागे अनेकदा दुप्पट महाग असते.

मोठ्या प्रमाणावर काय घ्यावे, हे वस्तूच्या आयुष्यावर ठरवावे. कागद कोरड्या जागी जमिनीपासून वर ठेवला तर वर्षभर सहज टिकतो. पेन्सिली, वह्या, टाचण्या, खडू यांचेही तसेच. डिंकाच्या कांड्या, मार्कर, दुहेरी चिकटपट्टी आणि रबरबँड मात्र पडून राहिले तरी वाळतात, पिवळे पडतात किंवा तुटतात, म्हणून ते एका सत्रापुरतेच घ्यावेत. खोकेभर मार्कर स्वस्त मिळाले आणि त्यांतील निम्मे दुसऱ्या वर्षी वाळले, तर बचत कागदावरच राहते. चार-पाच शिक्षकांनी मिळून घाऊक खोके घेऊन वाटून घेणे हा यावरचा चांगला तोडगा आहे.

लेखनसाहित्याची मागणी शैक्षणिक वर्षाच्या आरंभी सर्वाधिक असते आणि हंगाम ओसरल्यावर दुकानदार उरलेला माल कमी दरात काढतात. म्हणून पुढील वर्षाच्या वह्या आणि पेन्सिली या काळात घ्याव्यात. घड्याळे, टॉर्च, छोटी उपकरणे वारंवार वापरली जात असतील, तर पुनर्भारित करता येणाऱ्या बॅटऱ्या काही महिन्यांत आपली किंमत वसूल करतात. भिंतीवरच्या घड्याळाला मात्र एक साधी अल्कलाइन बॅटरी बराच काळ पुरते, तेथे पुनर्भारित बॅटरी गुंतवण्यात अर्थ नाही.

आठवा टप्पा : मागणे

स्वतःच्या खिशातून खर्च करणाऱ्या शिक्षकाचा हेतू चांगला असतो, परंतु त्याचा एक दुष्परिणाम होतो. शाळेच्या हिशेबात ती गरज दिसतच नाही, त्यामुळे पुढील वर्षीच्या तरतुदीतही ती येत नाही, आणि त्या जागी नवा शिक्षक आला की त्याच्याकडूनही तीच अपेक्षा केली जाते. म्हणून खिशातून करायच्या खर्चाची वर्षाची एक मर्यादा ठरवावी, पावत्या एका पाकिटात ठेवाव्यात, परताव्याची किंवा करसवलतीची सोय असल्यास त्यांचा उपयोग करावा आणि मर्यादा संपली की मुख्याध्यापकांकडे लेखी मागणी करावी.

मागणीपत्र मोघम असू नये. ‘विज्ञानसाहित्य मिळावे’ असे लिहिण्याऐवजी वस्तूचे नाव, नग, अंदाजे किंमत, कोणत्या घटकासाठी, किती विद्यार्थी वापरतील, किती वर्षे टिकेल आणि कोणत्या तारखेपर्यंत हवी, हे सारे लिहावे. पहिल्या टप्प्यातील महिन्याची नोंद सोबत जोडावी. आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी काही शाळांमध्ये निधी शिल्लक असतो; तयार यादी ज्याच्याजवळ असते, त्याचा विचार तेव्हा आधी होतो.

पालकांकडून मदत घेताना पैसे मागू नयेत, टाकाऊ पण उपयोगी वस्तूंची छोटी यादी द्यावी: रिकामी खोकी, बरण्या, झाकणे, कापडाचे तुकडे, जुनी मासिके. येणारी वस्तू दाराशी ठेवलेल्या सामायिक खोक्यात पडावी आणि कोणी काय आणले याची वाच्यता होऊ नये. ज्या घरातून काहीच येऊ शकत नाही, त्या मुलाला त्याची जाणीव करून देणारी कोणतीही पद्धत मला मान्य नाही, मग तिच्यामुळे कितीही साहित्य जमो. मुद्रणालयातील कागदाच्या पट्ट्या, चित्रांच्या चौकटी करणाऱ्याकडचे जाड पुठ्ठ्याचे तुकडे, शिंप्याकडच्या चिंध्या आणि सुतारकामातील ठोकळे हेही मागितल्यास बहुधा मिळतात. ठोकळे मात्र पॉलिशपेपरने घासून, खिळे व कुसळे काढूनच वर्गात आणावेत.

काटकसर कोठे करू नये

कात्री बोथट असेल तर मूल जोर लावते आणि हात घसरतो, म्हणून कात्र्या चांगल्याच घ्याव्यात. तापवायच्या प्रयोगांसाठी साधी काचेची बाटली वापरू नये, ती उष्णतेने तडकते. त्यासाठी बोरोसिलिकेट काचेचीच उपकरणे हवीत. घटकांची माहिती न छापलेले सुटे रंग लहान वर्गांत नकोत. औषधांच्या बाटल्या, पाऱ्याचे तापमापक, जुन्या ट्यूबलाइट, दुरुस्त केलेल्या विजेच्या वायरी फुकट मिळाल्या तरी नाकाराव्यात. जुन्या खेळण्यांतून काढलेल्या नाण्याच्या आकाराच्या बॅटऱ्या आणि छोटी शक्तिशाली चुंबके यांच्याबाबत विशेष सावध राहावे, कारण ती गिळली गेल्यास अन्ननलिकेला किंवा आतड्यांना गंभीर इजा होऊ शकते. प्रथमोपचार पेटीतील साहित्य मुदत संपण्याआधी बदलावे, अर्धी भरलेली पेटी चालवून घेऊ नये.

वर्षाच्या शेवटच्या आठवड्यात

निकालाच्या गडबडीत साहित्य तसेच टाकून सुट्टीवर जाण्याचा मोह होतो, परंतु तेव्हा दिलेली एक तासिका पुढील वर्षाची बरीच खरेदी वाचवते. मुलांच्या चार-पाच गटांना एकेक प्रकार वाटून द्यावा. एका गटाने सर्व मार्कर व स्केचपेन कागदावर ओढून पाहावेत, दुसऱ्याने पेन्सिली लांबीनुसार लावाव्यात, तिसऱ्याने संचातील नग मोजावेत, चौथ्याने वह्यांतील कोरी पाने काढून टाचून घ्यावीत. चालू स्थितीतील वस्तूंची संख्या एका कागदावर लिहून त्याच्या दोन प्रती कराव्यात. एक कपाटाच्या दाराला आतून चिकटवावी आणि दुसरी मुख्याध्यापकांकडे पुढील वर्षाच्या मागणीपत्रासोबत द्यावी. वर्ग दुसऱ्या शिक्षकाकडे जाणार असेल, तर खिशातून आणलेल्या वस्तूंपुढे खूण करून त्या सोबत न्यायच्या की वर्गातच ठेवायच्या, हे त्याच यादीवर लिहून ठेवावे.